धोरणाच्या बातम्या तुम्ही वाचता का? खरं सांगा

शाईचं बोट

मंडळी, चौदा वर्षं बातमीदारी केली, त्यातली नऊ आरोग्याच्या बीटवर. गेल्या महिन्यात खुर्ची बदलली. आता राज्याच्या धोरणविषयक सगळ्या बातम्या माझ्या गळ्यात आहेत. शेती, शिक्षण, आरोग्य, महिला व बालविकास, नगरविकास, शिवाय दिल्लीचे जे निर्णय आपल्या ताटात येऊन पडतात तेही. हाताखाली चार बातमीदार, दोन उपसंपादक आणि जिल्ह्याजिल्ह्यांतले स्ट्रिंजर, म्हणजे पगार नसलेले, बातमीमागे पैसे मिळणारे बातमीदार.

पहिल्याच दिवशी आमचे वृत्तसंपादक म्हणाले, "ही पानं कुणी वाचत नाही, पण नसली तर फोन येतात." तेव्हा हसले. रात्री मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना.

मंत्रिमंडळाची बैठक असते त्या दिवसाचं चित्र सांगते. दुपारनंतर निर्णयांची पीडीएफ ग्रुपवर पडते. आठ-दहा निर्णय, प्रत्येक "महत्त्वपूर्ण". डाक आवृत्तीचं पान रात्री दहाच्या आत सोडायचं असतं. तेवढ्या वेळात वाचायचं, विचारायचं, लिहून घ्यायचं. मग साडेआठला जाहिरात विभागातून निरोप येतो की पानावर खाली सोनेतारण कर्जाची अर्धं पान जाहिरात आली आहे. उरलेल्या जागेत दहा निर्णय बसवा!

तर प्रश्न असा. अलीकडे तुम्ही शेवटपर्यंत वाचलेली धोरणाची एक बातमी सांगा आणि अर्ध्यात सोडलेली एक. का सोडलीत तेही सांगा. माझ्या पेपरचं नाव विचारू नका. ओळखलंत तर गिळून टाका.

चहाटळ

पहिला!

शेवटपर्यंत वाचलेली बातमी वडापाव बांधून आली होती. शेवटच्या दोन ओळी तेलात गेल्या होत्या, तरी उजेडाला धरून वाचल्या.

लेखापाल

वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला मनाई आहे हो.

चहाटळ

तीच बातमी होती ती.

कांदा कॉर्नर

ताई, मी निफाड तालुक्यातला. शेवटपर्यंत वाचलेली बातमी ८ डिसेंबर २०२३ च्या कांदा निर्यातबंदीची. आधी ऑगस्टमध्ये ४० टक्के शुल्क लावलं होतं, मग थेट बंदीच. लिलाव बंद पडले, माणसं रस्त्यावर आली. आमच्याकडच्या अंकात ते सगळं पहिल्या पानावर होतं. त्याच दिवशी डोंबिवलीच्या मेहुण्याने त्याच्याकडच्या अंकाचा फोटो पाठवला. पेपर तोच, नाव तेच, तारीख तीच. मथळा मात्र कांदा आता आवाक्यात येणार असा. खाली चौकटीत मंडईतले दर.

मी रागावलो नाही, खोटं कशाला सांगू. मेहुणा कांदा विकत घेतो, मी विकतो. पण एक गोष्ट तेव्हापासून डोक्यात बसली आहे. पेपरात "सर्वसामान्य" म्हणजे जो विकत घेतो तो. जो पिकवतो तो "शेतकरी वर्ग". आम्ही सर्वसामान्यांत कधी मोडायचं?

शाईचं बोट

कांदा कॉर्नर, लागलं. हे मुद्दाम होत नाही, म्हणूनच ते जास्त वाईट. बातमी मुंबईला एकदाच लिहिली जाते आणि प्रत्येक आवृत्तीचा डेस्क आपापल्या वाचकाकडे बघून मथळा लावतो. दोन्ही मथळे एकाच टेबलावर शेजारी ठेवून बघणारं कुणी नसतं. आता ते टेबल माझं आहे म्हणे.

निवड नस्ती

मी मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. माझं टोपणनाव ज्यांना कळलं ते माझे सहकारीच असणार. (शासन निर्णयाच्या शेवटी प्रतींची यादी असते, त्यात सगळ्यात खाली एक प्रत निवड नस्तीला, म्हणजे फायलीला जाते. ती परत कुणी उघडत नाही.)

ताईंना एक सांगावंसं वाटतं. तुमचे बातमीदार जीआर, म्हणजे शासन निर्णय, वरून खाली वाचतात. तो खालून वर वाचावा. वरची प्रस्तावना कल्याणकारी असते, आम्हीच लिहायचो ती. शेवटाकडे दोन गोष्टी शोधा. खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यावर टाकायचा हे लिहिलंय का? आणि वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भाचा (म्हणजे त्यांच्या सहमतीचा) क्रमांक आणि तारीख दिली आहे का? ज्या योजनेला पैसे लागणार आहेत तिच्या जीआरमध्ये या दोन ओळी नसतील, तर समजा की लग्नपत्रिका छापली आहे, हॉल अजून बुक व्हायचाय.

दुसरं म्हणजे शब्द. तत्त्वतः मान्यता, प्रशासकीय मान्यता, निधी वितरण या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि त्यांच्यामध्ये कधी कधी वर्षं जातात. पेपरात मात्र तिन्ही वेळा "मंजूर" येतं. आमच्या तालुक्यातला एक पूल माझ्या डोळ्यांदेखत तीनदा मंजूर झाला. तिन्ही वेळा फटाके वाजले. लोक अजून होडीनेच जातात.

लेखापाल

निन काकांना दंडवत. मी यात भर घालतो. अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी सगळे पेपर "अमुक खात्याला इतके कोटी" छापतात. तो अर्थसंकल्पीय अंदाज असतो. त्याच पुस्तकात शेजारच्या रकान्यात चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि आधीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च असतो. गंमत तिथे असते. वर्षभर कुठल्या खात्याला किती निधी वाटला आणि किती खर्च झाला हे सरकारच्या बीम्स प्रणालीवरही दिसतं. कुणी बघत नाही. मी अर्ध्यात सोडलेली बातमी म्हणजे दर वर्षीची "काय स्वस्त, काय महाग". २०१७ साली जीएसटी आल्यावर अप्रत्यक्ष करांचे बहुतेक दर जीएसटी परिषद ठरवते, अर्थसंकल्प नाही. तरी चौकट दर वर्षी येतेच.

चहाटळ

ती चौकट काढू नका. आमच्या आई तेवढीच वाचतात.

पान नंबर सात

मी वीस वर्षांपूर्वी एका दैनिकात उपसंपादक होतो, आता विमा विकतो. जुनी आठवण. केंद्रीय अर्थसंकल्प १९९८ पर्यंत संध्याकाळी ५ वाजता मांडला जायचा. १९९९ ला यशवंत सिन्हांनी तो सकाळी ११ वर आणला. आमचे ज्येष्ठ सांगायचे, संध्याकाळच्या काळात भाषणाचं भाषांतर करत करतच पान लागायचं आणि सगळ्यांच्या अंगात वारं शिरायचं. सकाळचा झाल्यावर वाटलं, आता विचार करायला वेळ मिळेल. मिळाला तो चहाला.

चुका कुठे व्हायच्या तेही सांगतो. इंग्रजी कॉपीतला मिलियन आणि बिलियन. रात्री साडेअकराला दहा लाख की शंभर कोटी हे बोटांवर मोजणारा माणूस म्हणजे मी. एकदा एका धरणाचा खर्च मी सायकल स्टँडच्या खर्चाइतका करून टाकला होता. दुसऱ्या दिवशी कुणाचाही फोन आला नाही. तेव्हा कळलं की वृत्तसंपादक म्हणतात ते खरं असावं.

गुरुजी

जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. मी शेवटपर्यंत, चष्मा पुसून वाचलेली बातमी पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेची. १६ एप्रिल २०२५ च्या जीआरमध्ये हिंदी अनिवार्य होती. गदारोळ झाला. मग १७ जूनला नवा जीआर आला, त्यात "अनिवार्य" गेलं आणि "सर्वसाधारणपणे" आलं. हिंदीऐवजी वेगळी भाषा हवी असेल तर वर्गात किमान २० विद्यार्थी हवेत अशी अट. आमच्या पहिलीत एकूण मुलं अकरा.

आता बघा, एका पेपरात "हिंदीची सक्ती मागे", दुसऱ्यात "हिंदी मागच्या दाराने". दोन्ही एकाच जीआरवर. शाळा सुरू झालेली, पालक फाटकाशी उभे, "गुरुजी, नक्की काय?" मी काय सांगणार! २९ जूनला दोन्ही जीआर रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. मला हवी होती ती साधी बातमी, की वीसची अट किती शाळांना लागू पडते. पटसंख्या यूडायस या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यात असते, मोजायला एक दिवस लागला असता.

तटस्थ काठावर

जरा वेगळं बोलतो, राग नसावा. इथे सगळे पेपरला शहाणपण शिकवायला निघालेत. दैनिकाचं काम आज काय झालं ते उद्या सकाळी सांगणं. मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, तर बातमी "निर्णय घेतला" हीच. पूल झाला की नाही हे आमदाराला विचारा. वाचक दूधखुळा नाही, त्याला "तत्त्वतः" कळतं.

आणि मूळ दुखणं कुणीच काढत नाही. पहिल्या पानावर सरकारी जाहिरातीचं अख्खं जाकीट आणि आत त्याच योजनेची चिकित्सा? शाबोताई, प्रामाणिकपणे सांगा. फोन येतो की नाही?

शाईचं बोट

मला येत नाही. वरच्या मजल्यावर येतो. तिथून खाली येईस्तोवर त्याचं "जरा बॅलन्स करा" झालेलं असतं. कधी बातमी आहे तशीच जाते, कधी पहिल्या पानावरची सातव्यावर जाते. बातमी मारून टाकायला कुणी सांगितलेलं मी अजून पाहिलं नाही. जागा बदलली की तेवढंच काम होतं. प्रामाणिक उत्तर मागितलंत म्हणून दिलं.

पण "निर्णय घेतला हीच बातमी" याच्याशी मी सहमत नाही. कारण स्वतः भोगलंय. जून २०१७. पुणतांब्याहून सुरू झालेला शेतकरी संप आठवत असेल. ११ जूनला सरकारने कर्जमाफी जाहीर केली, "सरसकट, तत्त्वतः, निकषांसह". तिन्ही शब्द एका वाक्यात. त्या आठवड्यात मी मदतीला डेस्कवर बसले होते. मथळ्याला जागा पाच शब्दांची. "सरसकट" ठेवला, बाकीचे दोन उपमथळ्यात टाकले. उपमथळा रात्री फोटो मोठा करताना उडाला. २४ जूनला तपशील आले. मर्यादा दीड लाखाची, ३४ हजार कोटी, ८९ लाख शेतकरी. हाही मथळा मोठाच लागला. नंतर अर्ज ऑनलाइन, याद्या, पडताळणी, आणि प्रत्यक्षातला आकडा बराच खाली राहिला.

त्या पावसाळ्यात मी एका तालुक्याच्या गावी रुग्णालयाच्या बातमीला गेले होते. शेजारी बँकेची शाखा. एक आजोबा मॅनेजरसमोर उभे होते. बंडीच्या खिशातून त्यांनी दुधाची रिकामी पिशवी काढली, धुतलेली, रबर लावलेली. तिच्यात आमच्या पेपरचं कात्रण. चार घड्या. मथळ्याखाली पेनने रेघ ओढलेली. ती माझ्या "सरसकट"खाली होती. मॅनेजर म्हणाला, "बाबा, हे पेपरवाल्यांनी दिलंय, त्यांच्याकडून घ्या." हॉलमधले सगळे हसले, आजोबाही. मी कोण ते कुणाला सांगितलं नाही.

जर्सीची गाय

शाबो, हे वाचून गप्प बसले जरा वेळ.

मी न्यू जर्सीत, मराठी पेपर फोनवर वाचते. माझी तक्रार वेगळी. "मोठी बातमी! सरकारचा ऐतिहासिक निर्णय, तुमच्यावर काय परिणाम?" हे उघडलं की चार परिच्छेद मागच्या निर्णयाची उजळणी, मग दोन जाहिराती, आणि निर्णय शेवटच्या ओळीत. अर्ध्यात सोडते, म्हणजे सोडतेच.

इथल्या पेपरांत देशांतर्गत धोरणाचा वेगळा डेस्क असतो. त्यांना एक मोठी सोय आहे. काँग्रेसचं, म्हणजे इथल्या संसदेचं बजेट ऑफिस, १९७४ च्या कायद्याने उभं राहिलेलं, विधेयकाचा खर्च काढून देतं. आकडा सरकारी पक्षाचा नसतो, विरोधकांचाही नसतो. बातमीदार निदान तिथून सुरुवात करतो. आपल्याकडे असं काही का नाही?

निवड नस्ती

अगदीच नाही असं नाही. खर्च लागणाऱ्या विधेयकाला वित्तीय ज्ञापन, म्हणजे त्या खर्चाची टिपणी, जोडलेलं असतं. ते सरकारच लिहितं ही गोष्ट वेगळी. पण बहुतेक योजना विधेयकाने येतच नाहीत, जीआरने येतात. सभागृहापुढे त्यांचं दर्शन थेट पुरवणी मागण्यांत, म्हणजे वर्षाच्या मध्ये मागितलेल्या जादा निधीत होतं, अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी, जाडजूड पुस्तकात. आणि कॅगचे अहवाल येतात शेवटच्या दिवशी, जेव्हा पत्रकारांच्या बॅगा भरलेल्या असतात.

तर्री वाढा

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तर बॅगेत संत्रा बर्फीही असते.

चहाटळ

१९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला काय मिळालं यावर वाद आहे. मुंबईच्या पत्रकारांना तर्री पोहे मिळाले यावर नाही.

तर्री वाढा

पोहे खायला येता तर विदर्भाच्या प्रश्नांवर शेवटच्या दिवशीची चर्चा ऐकायलाही थांबत जा, साहेब. ती चालू असते तेव्हा प्रेस गॅलरीत मोजून चार जण. उरलेले विमानतळावर.

सेविकेचा लेक

बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज लिहितो. आई अंगणवाडी सेविका आहे. लाडकी बहीण योजना २८ जून २०२४ ला अर्थसंकल्पात जाहीर झाली, त्याच दिवशी जीआर. वय २१ ते ६०, पाच एकरांची अट, अधिवास प्रमाणपत्र, मुदत १५ जुलै. दुसऱ्या दिवसापासून सेतू केंद्रावर रांगा. आई पहाटेपासून अर्ज भरून घेत होती. ३ जुलैला सुधारित जीआर. वय ६५, जमिनीची अट गेली, अधिवासाऐवजी पंधरा वर्षं जुनं रेशनकार्ड चालेल, मुदत ३१ ऑगस्ट.

पेपरात रांगांचे फोटो रोज. कोणत्या मंत्र्याने काय म्हटलं ते रोज. वर्षाला ४६ हजार कोटी कुठून आणणार हा वादही होता, तो हवाच. पण अट बदलली ही बातमी आमच्या हाती आलेल्या अंकात आतल्या पानावर एका परिच्छेदात होती. आईने ती कापून अंगणवाडीच्या दाराला चिकटवली. गावात बायका एकमेकींना दाखवत होत्या. ज्यांनी आधीच दाखल्यासाठी मजुरी बुडवून तालुक्याच्या खेपा घातल्या, त्या म्हणाल्या, चार दिवस थांबायला कुणी सांगितलं असतं तर!

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तो परिच्छेद. शेवटपर्यंत वाचला. सहा ओळींचाच होता.

सातेरी

गोव्याहून. आमच्याकडे गृहिणींना दरमहा पैसे देणारी गृह आधार योजना २०१२ पासून चालू आहे, त्यामुळे तुमच्या लाडक्या बहिणीचं आम्हाला अप्रूप नव्हतं. राज्य लहान, मंत्री बाजारात भेटतो, योजनेचे पैसे आले नाहीत तर लोक पेपराकडे नाही, त्याच्याकडे जातात. आमच्या पेपरांचं दुखणं उलटं. धोरणाची बातमी लिहिली की ज्याच्याविरुद्ध लिहिली तो संध्याकाळी लग्नात शेजारच्या खुर्चीवर.

तटस्थ काठावर

सेविकेचा लेक, तुमचा मुद्दा मानला. माझं विधान अर्धं मागे घेतो. बदललेली अट ही सुद्धा आज घडलेलीच गोष्ट आहे, ती लहान छापायचं कारण नव्हतं. ते आजोबांचं कात्रणही डोक्यातून जात नाही.

पण उरलेलं अर्धं ठेवतो. पाठपुरावा करायला माणूस लागतो. स्ट्रिंजरला काय मिळतं ते सांगा की.

शाईचं बोट

कॉलमाप्रमाणे. म्हणजे अपघात, मारामारी, उद्घाटन यांचे पैसे सुटतात. "पुलाचं काम अजून सुरू नाही" ही बातमी दोन ओळींची होते, तिच्यासाठी चाळीस किलोमीटर गाडी मारली तर पेट्रोलही निघत नाही. म्हणून पूल तीनदा मंजूर होतो आणि एकदाही "झाला नाही" असा छापून येत नाही. यात बातमीदाराचा आळस नाही, हिशेब आहे.

परवा मी वर जाऊन एवढंच मागितलं की महिन्याला आठ बातम्यांना लांबी न बघता ठरावीक रक्कम द्या. चार मिळाल्या. चार तर चार.

त्यांचं काय करायचं ते तुमच्याकडूनच उचललंय. पानाच्या खाली उजवीकडे, जाहिरात आली तरी हलणार नाही अशी जागा मागून घेतली आहे, दोन कॉलम रुंद, बारा ओळी. तिथे आठवड्यातून एकदा जुना निर्णय घ्यायचा. कधी जाहीर झाला, जीआर निघाला का, लेखाशीर्ष आहे का, पैसे सुटले का आणि गावात काय दिसतं. पाचवी ओळ स्ट्रिंजरची, त्याच्या नावासकट. अट बदलली तर तीही तिथेच, ठळक. पहिला नंबर निन काकांच्या पुलाचा लावते. काका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून तालुका कळवा.

आणि कांदा कॉर्नर, उद्यापासून नाशिक आणि मुंबईचे मथळे पान सोडायच्या आधी माझ्या स्क्रीनवर शेजारी शेजारी असतील. दोन्ही बदलतीलच असं नाही. बघेन एवढं नक्की. बाकी एक अडलंय. चौकटीला नाव सुचत नाहीये.

गुरुजी

"गृहपाठ तपासणी".

पान नंबर सात

"पान ७ वरून पुढे". मला जरा बरं वाटेल.

कांदा कॉर्नर

मथळे बघणार म्हणालात, बास झालं. नावाचं म्हणाल तर "सर्वसामान्य शेतकरी वर्ग".

निवड नस्ती

तालुका कळवला आहे. होडीवाल्याचा नंबरही दिला आहे, वेळ त्याच्याकडूनच विचारून घ्यावी. नाव "निवड नस्ती" ठेवलंत तर मानधन मागणार नाही.

शाईचं बोट

काका, नाव आवडलं. वृत्तसंपादकांना विचारलं. ते म्हणाले, चालेल, बघू.

चहाटळ

म्हणजे तत्त्वतः मान्य.

सेविकेचा लेक

निकषांसह.

लेखापाल

लेखाशीर्ष टाका आधी.